लाल चार

मी मुळात भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाई वाढवून सांगतेय. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं माझं. फोन दोनदा वाजून बंद पडला तरी माझ्या मनात कुणाचं तरी काही तरी झालेलं असतं. त्यात जन्म थळच्या कोळीवाड्यातला आणि घरातला एक माणूस कायम पाण्यावर. आधी बाबा असायचे. बाबांना समुद्राने नेलं नाही, ते आपल्या खाटेवर, आईच्या हातचं पाणी पिऊन गेले. त्याने आमची भीती कमी झाली असं मात्र नाही. होडीबरोबर तीही दादाकडे गेली, एवढंच.

होडी बाहेर असली की आमच्या घरात काही शब्द चालत नाहीत. सूर्य मावळतो, बुडत नाही. चहात बिस्किट पडलं तर ते 'गेलं'. शाळेत असताना एकदा मी मराठीचा धडा मोठ्याने वाचत होते आणि त्यात कुणा व्यापाऱ्याचा धंदा बुडाला होता. आईने चुलीपाशी बसल्या बसल्या पळी फेकून मारली. व्यापाऱ्याचं पुढे काय झालं ते मला अजून माहीत नाही.

सगळ्यात कडक नेम बावट्याचा. वादळाचा धोका असला की बंदरावर बावटा लागतो आणि त्याला नंबर असतात. तीन नंबर म्हणजे जाऊ नका, गेलेले असाल तर या. चार म्हणजे त्याच्याही पुढचं. हे नंबर आमच्याकडे बायका तोंडाने घेत नाहीत. बोटं दाखवतात. आपला माणूस बाहेर असताना आकडा उच्चारला तर तो ओढवतो, असं. एखादीने ओट्यावरून तीन बोटं वर केली की सगळी आळी मुकाट्याने वाळवणीची मासळी गोळा करायला लागते. मला वाटायचं जगात सगळीकडे असंच असतं. मग नवी मुंबईत कॉलेजला गेले, कॅन्टीनमध्ये मैत्रिणीने चहावाल्याला तीन बोटं दाखवली आणि मी खिडकीतून आकाश बघायला लागले. चहा आल्यावर तिने विचारलं, तुझा चेहरा का असा झालाय. काय सांगणार?

आता मी घरूनच काम करते. नवी मुंबईतली एक छोटी कंपनी दुसऱ्यांच्या वेबसाइट सांभाळते आणि त्या नीट उघडतात की नाही ते बघायचं काम माझ्याकडे. ओटीवर टेबल, त्यावर लॅपटॉप, मागे देवघर. लग्नाचा विषय या गोष्टीत येत नाही. आई तो रोज आणते, पण मी येऊ देत नाही.

त्या आठवड्यात साहेबांनी एक नवीन काम दिलं होतं. इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणाला आकड्यांचा एक पत्ता असतो. जुने पत्ते चौथ्या आवृत्तीचे. ते पुरेनात, म्हणून नवे आले, सहाव्या आवृत्तीचे. सध्या दोन्ही चालतात. आमच्या गावात घरांवर जुने नंबर पुसलेले नाहीत आणि शेजारी नव्या पाट्या ठोकल्या आहेत, पोस्टमन दोन्हींवर येतो, तसं. आमच्या गिऱ्हाइकांपैकी कुणाची वेबसाइट नव्या पत्त्याने येते आणि कुणाची अजून जुन्यानेच, हे मला बघायचं होतं. त्यासाठी ब्राउझरला एक छोटंसं एक्स्टेन्शन जोडायचं. मग कुठलंही पान उघडलं की वर कोपऱ्यात एक आकडा दिसतो. नव्या पत्त्याने आलं तर हिरवा सहा, जुन्याने आलं तर लाल चार. बस, एवढंच. पान चांगलं की वाईट, त्यातलं खरं की खोटं, याच्याशी त्या आकड्याचं काही देणंघेणं नाही.

लाल रंग कशाला दिला ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. जुनं म्हणजे काही संकट नव्हे. पण लाल तो लाल. पहिल्या दिवशी मलाही तो बघून उगाच धडधडलं. मग काम करता करता डोळे सरावले आणि तो मला दिसेनासा झाला. म्हणजे असायचा, पण मी बघत नव्हते.

दादा बाहेर असला की आई सकाळी चहा घेऊन माझ्या मागे उभी राहायची.

"बघ गो, काय लावलाय?"

मी हवामानाचं पान उघडून वाचायचे, ती देवघराकडे तोंड करून ऐकायची. तिला इंग्रजी अक्षरं येत नाहीत. आकडे मात्र मराठी आणि इंग्रजी दोन्ही येतात. अलिबागच्या बाजारात मासळी घेऊन बसलेल्या बाईला आकडे आल्याशिवाय चालत नाही. मी "काय नाय, साफ हाय" म्हटलं की ती देवाला हात जोडायची आणि कामाला लागायची. माझ्या शब्दावर ती दिवस काढायची. याचं मला कधी ओझं वाटलं नव्हतं, उलट जरा ऐट वाटायची.

नवरात्र नुकतंच झालेलं. ऊन तापलं होतं आणि वारा अगदी पडला होता. खताच्या कंपनीच्या चिमणीचा धूर सरळ वर चाललेला. दादा आदल्या दिवशी गेला होता, बरोबर त्याचे खलाशी, आणि संध्याकाळपर्यंत यायचे होते. सकाळी मी पान वाचलं आणि तसंच उघडं ठेवलं. काही नव्हतं. आईने हात जोडले.

दुपारच्या जेवणाआधी ऑफिसचा फोन आला. आमच्या ओटीवर आवाज तुटतो, म्हणून मी मागच्या वाडीत जाऊन नारळाच्या बुंध्याला टेकून बोलत बसले. एका गिऱ्हाइकाची वेबसाइट सकाळपासून उघडत नव्हती आणि साहेब वैतागले होते. मी कपाळाला हात लावून "हो सर, हो सर" करत होते. मध्येच आई मागच्या दारात येऊन उभी राहिलेली दिसली. माझ्याकडे बघत होती. मी हातानेच थांब म्हटलं. ती आत गेली.

फोन संपवून मी घरात आले तर वास आला. आमटी करपली होती आणि गॅस तसाच चालू. आई एक वेळ मला विसरेल, पण चालू गॅस सोडून जाणार नाही. मी गॅस बंद केला, हाक मारली. पुढचं दार सताड उघडं. तिच्या चपला उंबऱ्याशी होत्या. फोन देवघरासमोर पडला होता. चपलेवाचून, फोनवाचून, ऐन दुपारी आई कुठे गेली असेल, याची जी उत्तरं मला सुचली त्यातलं एकही चांगलं नव्हतं.

मी ओट्यावर आले. समोरच्या काकू घाईघाईने दोरीवरचे बोंबील ओढून काढत होत्या. निम्मे खाली पडत होते आणि त्यांचं लक्ष नव्हतं.

"काकू, आई कुठाय?"

त्यांनी माझ्याकडे वळून हात वर केला. चार बोटं.

"लागलाय," काकू म्हणाल्या. "तुनाच बघितला ना तुझे कंप्युटरवर? तुझी आये सोसायटीत धावली. माझा बी पोरगा गेलाय गो बाहेर."

इथे खरं तर मी मागे फिरून लॅपटॉप बघायला हवा होता. तो ओटीवर उघडाच होता. सकाळी पान साफ होतं आणि त्यानंतर मी काहीच बघितलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण मनाने लगेच जुळवून घेतलं की सकाळनंतर बदललं असेल, समुद्रात कुठे तरी काही तरी उठलं असेल आणि मी इकडे "हो सर" करत बसले. वारा पडला होता तो यासाठीच. मागच्या मोठ्या वादळाच्या आदल्या दिवशीही असाच पडला होता. तीन नंबर आम्ही दर वर्षी बघतो, चार बोटं मी जन्मात एकदाच बघितली होती आणि दुसऱ्या दिवशी आमच्या घराला कौल राहिलं नव्हतं. शिक्षण, कंप्युटर सगळं बाजूला पडलं. मीही अनवाणीच धावले.

सोसायटी म्हणजे मच्छीमार सोसायटीची किनाऱ्यावरची एक खोली. तिथे वायरलेसचा सेट आहे, कारण खडकांच्या पुढे गेलं की मोबाइल लागत नाही. दारात बायकांची गर्दी होती. आत सेटसमोर आमची आई उभी. माइक दोन्ही हातांनी तोंडाशी धरलेला. इतक्या वर्षांत, बाबा असतानासुद्धा, ती कधी वायरलेसवर बोलली नव्हती. ते पुरुषांचं काम आणि तिला त्या यंत्राची लाज वाटायची.

"घरा ये," ती म्हणत होती. "आये बोलते. आताचे आता घरा ये."

पुन्हा तेच. आकडा तिने घेतला नाही. तो सेट चालवणाऱ्या काकांनी आधीच सगळ्या होड्यांना सांगितला होता. वायरलेसवर बोटं दिसत नाहीत, त्यामुळे त्यांना बोलावंच लागतं. काका एका कानाला मोबाइल लावून बंदरावर विचारायला बघत होते. "लागत नाय," ते मला म्हणाले. "पण तू बघितलास म्हटल्यावर मी थांबलू नाय."

मी? मी आईकडे बघितलं. तिने माइक खाली ठेवला. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल राग नव्हता, तेच वाईट होतं.

"तू मना सांगलास नाय," ती म्हणाली. "मागं जाऊन बसलीस. मी वळखला."

म्हणजे तिने काय ओळखलं होतं ते आधी मला उमगेना. मग कळलं. मी तोंड पाडून, कपाळाला हात लावून, मागे एकटी बसले होते. घरातली बाई वाईट बातमी तोंडाने सांगत नाही. आई म्हणत होती की मी नेम पाळला.

"आई, तू कुठे बघितलंस?"

"तुझे कंप्युटरवर. हवामानाचे पानावर." तिने हवेत बोट वर नेलं. "वरती. कोपऱ्यात. लाल."

कोपऱ्यात. लाल. मला तो आकडा एकदम दिसला, इतके दिवस न दिसलेला. हवामानाचं ते पान जुन्या पत्त्याने येत होतं. बाकी काही नाही. समुद्र होता तसाच होता, आकाश होतं तसंच होतं. मी हसले. खरंच हसले, रडू यावं तसं हसू आलं, आणि दारातल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

"तो बावटा नाय," मी म्हटलं. "तो पत्त्याचा नंबर हाय. वेबसाइटचा जुना पत्ता. वादळ नाय, काय नाय."

कुणाला काही कळलं नाही. कळण्यासारखं मी बोलतही नव्हते. काकांना मात्र 'वादळ नाय' एवढं पुरलं. तेवढ्यात बंदरावरचा फोनही लागला आणि पलीकडचा माणूस म्हणाला की असला काही बावटा नाही, तुम्हाला कुणी सांगितलं. काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि सेटवर वळले. एकेका होडीला हाक घालून सांगायला लागले की खोटं आहे, खुशाल थांबा. उत्तरं यायला लागली. एकाने अशी शिवी घातली की दारातल्या बायकांनी मान फिरवली. माझ्या मागोमाग आलेल्या काकूंचा मुलगा अजून घराकडे वळलाच नव्हता; त्यांनी पदराने तोंड पुसलं.

दादाचं उत्तर नव्हतं. काकांनी पुन्हा हाक मारली. नुसती खरखर.

मग दुसऱ्याच एका होडीवरून आवाज आला. "तो कवाच निघाला. जाला कापलान आणि निघाला. उंदेरीचे आतून चाललाय."

मला हसू आलं होतं ते कुठल्या कुठे गेलं. उंदेरी हे आमच्या समोरचं बेट; ते आणि किनारा यांच्या मधली वाट जवळची, पण तिथे पाण्याखाली खडक आहेत. भरतीला जाणकार माणूस तिथून होडी काढतो. ओहोटीला काढत नाही. आणि बाहेर ओहोटी लागलेली होती, किनाऱ्यावरची खडपं काळी दिसायला लागली होती. वादळ नव्हतंच. जो धोका होता तो आम्ही इथून पाठवला होता.

आम्ही पाण्यापाशी जाऊन उभ्या राहिलो. काका मागे सेटवर हाका मारतच होते, बाहेर ऐकू येत होतं. दादाला सांगायचं एवढंच होतं की घाई करू नको, आणि ते सांगायला जगात दुसरा उपाय नव्हता. माझ्या हातात फोन होता, पुरी रेंज होती, त्यावरून मी अमेरिकेतली वेबसाइट कुठल्या पत्त्याने येते ते सांगू शकले असते. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. मी आईच्या दंडाला धरून उभी होते; तिला आधार द्यायला नव्हे, मला हवा होता म्हणून. ती मात्र ताठ उभी होती. डोळ्यांवर हात धरून बघत होती आणि ओठ हलत होते. सगळ्या देवांची नावं झाली असतील.

आधी इंजिनाचा आवाज आला, मग होडी दिसली. काळी, लहानशी, उंदेरीच्या कडेने. बरी चालली होती. आणि मग एका बाजूला कलली आणि थांबली. इंजिन ओरडत होतं आणि होडी जागची हलत नव्हती. पाठीमागे कुणी तरी बाई तोंडात पदर कोंबून रडायला लागली. आईने तिच्याकडे वळून नुसतं बघितलं आणि ती गप्प झाली. होडीवरची माणसं बांबू घेऊन एका कडेला गोळा झालेली दिसत होती. ढकलत होती. मी डोळे मिटून घेतले. मला बघवत नव्हतं, हे खरं. आईने बघितलं, शेवटपर्यंत. तिचा दंड सैल पडला तेव्हा मला कळलं की होडी सुटली.

कमरेएवढ्या पाण्यात असतानाच दादाने उडी टाकली आणि पाणी तुडवत थेट आईकडे आला. तिचे खांदे धरले, तोंड बघितलं, मग माझं, मग आमच्या मागे कोण कोण आहे ते.

"काय झाला? कोण गेला?"

"कोण नाय," आई म्हणाली.

"मंग तू कशाला बोललीस वायरलेसवर? काका नंबर बोलले, मी आकाश बघितला, म्हटला बघू. मंग तुझा आवाज आयला." त्याला दम लागला होता. "मना वाटला घरात काय तरी झाला. मी जाला कापला, तो सेटबी बंद केला, आयकवना मना."

मग त्याला सांगावं लागलं. मीच सांगितलं. वेबसाइट, पत्ता, एक्स्टेन्शन, लाल चार. एक खलाशी फस्सकन हसला, "कंप्युटरचा बावटा" म्हणाला, आणि दादाचं तोंड बघून गप्प बसला. दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो वाळूत बसला. त्याच्या उजव्या तळव्यातून रक्त येत होतं. दोर कापताना सुरी लागली होती आणि त्याला पत्ता नव्हता. आई शेजारी बसली आणि पदराचं टोक त्याच्या हाताला गुंडाळायला लागली.

"खोटा व्हता?" तिने मला विचारलं. इतका वेळ मी तेच सांगत होते, ते तिच्यापर्यंत आत्ता पोचलं.

"हो, आई."

"बरा झाला," ती म्हणाली. तिच्या तोंडावर हसू आलं. त्या किनाऱ्यावर ती एकटीच हसत होती. जाळं गेलं होतं, होडीचा तळ खरवडला होता, उद्यापासून आळीत आमच्या घराला काय नाव पडणार ते दिसत होतं, आणि ती खुशीत.

"मी ते काढून टाकते, आत्ताच," मी म्हटलं. कुणी ऐकलं नाही.

"आये," दादा हळू म्हणाला, "असा परत करू नको. खोटा बोलवलास की पुढचे टायमाला कोण यायचा नाय."

"कोण नाय आयला तरी चालंल," आई म्हणाली. गाठ मारून तिने त्याचा हात आपल्या हातात धरून ठेवला. "तू ये. खोटा असला तरी ये."

मी दादाच्या तोंडाकडे बघत होते. त्याने हो म्हणावं म्हणून बघत होते. एक शब्द, खोटा म्हटला असता तरी चाललं असतं. तो पाण्याकडे बघत राहिला, जिकडे त्याचं जाळं होतं तिकडे. मग त्याने हात सोडवून घेतला आणि होडीचा तळ बघायला गेला.